परिचारिकेचा अखत्यार

पटकी, देवी, प्लेग आणि हिवताप या व्याधी ज्या काळात गावेच्या गावे ओसाड करीत, त्या काळात आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेची घडण झाली, आणि त्यामुळे तिच्या अंगी जो शिरस्ता भिनला तो असा की, रोग्याने दवाखान्याच्या दारी यावे, वैद्याने निदान करून औषध द्यावे, आणि रोगी बरा झाला अथवा दगावला म्हणजे दप्तरातील त्याचे पान बंद व्हावे. रक्तदाब आणि मधुमेह यांच्यापुढे हा शिरस्ता लुळा पडतो. या रोग्याचे पान एकदा उघडले की ते हयातभर उघडेच राहते. त्याने महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षे यावे लागते. आणि ज्या महिन्यात तो येत नाही त्या महिन्याची काळजी कोणी वाहावी, याची कोणतीही तरतूद त्या जुन्या व्यवस्थेत नाही.

संख्येचा विचार केला तर प्रश्न अधिकच बिकट दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे रोगी १० कोटींहून अधिक आहेत आणि प्रौढांपैकी शेकडा ३५ जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. सपाटीच्या मुलखात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे सरकारी परिमाण आहे. तेव्हा एका केंद्राच्या वाट्याला केवळ रक्तदाबाचेच काही हजार रोगी येतात, हे सांगण्यास गणितज्ञ नको. बाळंतपणे, लसीकरण, सर्पदंश, शवविच्छेदन आणि बैठका सांभाळून एक-दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी या हजारोंना दरमहा तपासावे, ही अपेक्षा कागदावरसुद्धा टिकत नाही. मग हे काम कोणाचे?

या प्रश्नावर परस्परविरुद्ध मते बाळगणारी दोन माणसे माझ्या परिचयाची आहेत. एक डॉक्टर, त्यांची सारी नोकरी सातारा जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांत गेली आणि तालुक्याच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. दुसऱ्या मेट्रनबाई, इस्पितळातील सेवेनंतर त्यांनी परिचर्या विद्यालयात शिकविले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज कितीतरी उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून काम करीत आहेत. दोघांच्या स्नेहाला पुष्कळ वर्षे झाली असली तरी या एका विषयात दोघांचे कधी जुळले नाही. त्यांचा वाद जसा ऐकला तसा, थोडा संक्षेप करून, येथे देत आहे.

डॉक्टर : बाई, परिचारिकेच्या निष्ठेविषयी मला कधीही शंका आली नाही, माझ्या केंद्रात पटकीची साथ आली तेव्हा रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. रक्तदाब म्हणजे यंत्रावर उमटणारा आकडा, तो १४०/९० च्या वर गेला की अमुक गोळी द्यावी आणि खाली आला की तीच चालू ठेवावी, अशी जी समजूत अलीकडे रूढ होऊ लागली आहे ती मला धोक्याची वाटते. पंचविशीतल्या पोराचा रक्तदाब वाढला तर त्याच्या मुळाशी मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. टेल्मिसार्टनसारखे उत्तम औषध गरोदर स्त्रीला दिले तर गर्भाला अपाय होतो. हे तारतम्य शिकण्यासाठी आम्ही उमेदीची वर्षे घातली. ते तारतम्य सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात कसे देणार?

मेट्रनबाई : निदान तुमचेच, डॉक्टरसाहेब, ते मी मागितले कधी? पहिल्या दिवशी रोग्याला तुम्हीच तपासा, त्याचे मूत्रपिंड, त्याचे हृदय, त्याच्या डोळ्यांचा पडदा तुम्हीच पाहा. पण त्या पहिल्या दिवसानंतर वर्षाचे जे बाकीचे दिवस उरतात त्यांचे काय? बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे खोळंबलेली असताना तुम्ही त्याच्या दंडाला सदऱ्यावरूनच पट्टी बांधता, तो बसस्थानकापासून धापा टाकीत आलेला असतो, आणि त्या क्षणी जो आकडा येतो त्यावर तुम्ही गोळी वाढविता. माझ्या मुली त्याला आधी पाच मिनिटे बाकावर स्वस्थ बसवतात, दंड उघडा करतात, हात छातीच्या पातळीवर ठेवतात, दोनदा मोजतात, आणि मग विचारतात की मागच्या महिन्याच्या पाकिटात गोळ्या किती उरल्या आहेत. आकडा चढण्याचे कारण पुष्कळदा त्या उरलेल्या गोळ्यांत सापडते.

डॉक्टर : हे मोजण्याचे काम झाले. त्याला माझी हरकत कशाला असेल?

मेट्रनबाई : मोजण्याचे नव्हे, ऐकण्याचे. तुमची पहिली गोळी बहुधा अम्लोडिपिन. ती घेऊन काहींच्या पायांना सूज येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. पण सूज आलेली बाई तुमच्यापुढे काय बोलते? काही नाही. ती घरी जाऊन गोळी बंद करते आणि पुढच्या महिन्यात तुमच्यापुढे बसून ‘घेते की नेमाने’ म्हणून सांगते. आरोग्यसेविकेला मात्र ती ओट्यावर बसून खरे सांगते, कारण या सेविकेने तिच्या सुनेचे बाळंतपण केलेले असते. दिवसभरात कितीदा मिश्री लावतेस, हा प्रश्न तिला कोणता डॉक्टर विचारतो? आणि विचारला तरी ती उत्तर देते का?

येथे डॉक्टर काही काळ बोलले नाहीत. मेट्रनबाईंचे म्हणणे मला मार्मिक वाटते, कारण या व्याधींचे विशेष दुष्टपण असे की त्या दुखत नाहीत. ज्याचा दात दुखतो तो अर्ध्या रात्री वैद्याचे दार ठोठावतो. ज्याचा रक्तदाब १८० आहे तो उसाच्या शेतात पाणी पाजीत असतो आणि ‘मला काय झालंय?’ म्हणून विचारतो. दुखणे नसताना औषध घेत राहणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, आणि अशा वेळी औषधयोजनेचे यश औषधाच्या गुणावर जितके अवलंबून असते तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, रोग्याचा विश्वास कोणावर आहे त्यावर अवलंबून राहते.

डॉक्टर : मान्य. परंतु आता मधुमेहाकडे वळू. आपल्याकडे ग्लिमेपिराइड सर्रास दिले जाते. गोळी घेतली आणि जेवण चुकले की रक्तातील साखर एकाएकी उतरते, म्हातारा माणूस घामाघूम होऊन भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, प्रसंगी बेशुद्ध पडतो. नवरात्रात असे रोगी मी दरवर्षी पाहिले. या गोळीची मात्रा कमीअधिक करण्याचा अखत्यार सेविकेला द्यावा असे तुमचे म्हणणे असेल, तर मी ते मुळीच मान्य करणार नाही.

मेट्रनबाई : नवरात्रातले रोगी तुम्ही पाहिलेत, साहेब, पण ते घटस्थापनेनंतर. माझी सेविका भाद्रपदातच विचारते की यंदा उपवास किती दिवसांचे, उठता-बसता धरता की नऊ दिवसांचे, आणि फराळात साबुदाणा किती वेळा असतो. तिने ते विचारून तुमच्याकडे चिठ्ठी पाठवावी आणि तुम्ही मात्रा बदलून द्यावी, इतके जरी घडले असते तरी तुमच्या खाटा रिकाम्या राहिल्या असत्या. वारीचेही तसेच. आळंदीची पालखी लोणंद-फलटणवरून जाते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे तीन आठवडे जो मधुमेही चालणार आहे, त्याच्या पावलांना स्पर्श कळतो की नाही हे निघण्यापूर्वी कोणी तरी पाहिले पाहिजे. दहा ग्रॅम दाबाचा तो नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून पाहायला किती वेळ लागतो? ज्याला तो कळत नाही त्याला वहाणेत रुतलेला खडाही कळत नाही, आणि तो खडा शेवटी अंगठा कापून नेतो.

वारकऱ्याच्या पावलांची ही तपासणी मला त्यांच्या साऱ्या युक्तिवादातील सर्वांत मोलाची वाटली. मधुमेहाच्या जखमेने पाय गमावलेली माणसे आपल्या खेड्यांत कमी नाहीत, आणि यातील बराचसा अनर्थ वेळेवरच्या तपासणीने, पायांच्या निगेने आणि योग्य पादत्राणाने टाळता येतो, ही वैद्यकशास्त्रात सर्वमान्य गोष्ट आहे. त्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. खाली वाकून दुसऱ्याचे पाऊल हातात घेणारा मनुष्य लागतो, आणि परिचर्येचे शिक्षण नेमके तेच शिकविते.

यानंतर वाद पुराव्यावर आला. डॉक्टर वाचन असलेले गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले की, प्राथमिक उपचारात डॉक्टरऐवजी परिचारिका नेमल्यास काय होते याविषयी कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली अठरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात परिचारिकांच्या रोग्यांची प्रकृती डॉक्टरांच्या रोग्यांइतकी किंवा किंचित अधिक चांगली राहिल्याचे आणि रोगी अधिक समाधानी असल्याचे आढळले, हे खरे. ‘पण बाई, त्या अठरांपैकी एक वगळता सगळ्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या. तेथील परिचारिकेचे शिक्षण निराळे, तिच्यामागची प्रयोगशाळा निराळी. विलायतेचा दाखला आमच्या उपकेंद्राला लावू नका.’

मेट्रनबाई : मग आफ्रिकेचा लावते. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळ प्रांतात ह्लाबिसा म्हणून गरीब, ग्रामीण भाग आहे. तेथे परिचारिकांनी उपचाराच्या ठरावीक लेखी आज्ञावलीप्रमाणे दीर्घ व्याधींची सारी व्यवस्था चालविली आणि तिचा अहवाल १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. रक्तदाबाच्या शंभरांतील ६८ रोगी, इन्सुलिनवाचून चालणाऱ्या मधुमेहाचे ८२ आणि दम्याचे ८४ त्यांनी आटोक्यात ठेवले. आणि आफ्रिकाही दूर वाटत असेल तर गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांच्या हाती नवजात अर्भकाला जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन देण्याचे काम सोपविले, तेव्हा तुमच्यासारख्या किती जणांनी कपाळाला हात लावला असेल! नवजात बालकांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली ते छापले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून हेच दाखविले. धोका होता, पण तो अंगावर घेऊन त्यांनी नियम नीट बांधले. अखत्यार देणे याचा माझा अर्थ इतकाच आहे.

डॉक्टरांनी हे पुरावे नाकारले नाहीत. मात्र त्यांनी आपला खरा आक्षेप आता काढला, आणि तो हलका नव्हता.

डॉक्टर : बाई, पुराव्याने माझ्या बुद्धीचे समाधान होईल, पण मनाचे होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात, डॉक्टर नसलेल्यांना प्राथमिक उपचारापुरता मर्यादित परवाना देण्याचे कलम आले तेव्हा देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. लोक म्हणाले, धंदा जाईल म्हणून ओरडतात. माझा कसला धंदा? मी सरकारी पगारावर जन्म काढला. मला भीती वाटते ती याची की, सरकार खेड्यात डॉक्टर नेमण्याची जबाबदारी अंगावरून झटकील, आणि गरिबाच्या नशिबी कायमची दुय्यम प्रतीची वैद्यकी येईल. पुण्याच्या माणसाला मधुमेहतज्ज्ञ आणि पाटणच्या माणसाला सिस्टर, हा न्याय मला सहन होणार नाही.

मेट्रनबाई : तुमची ही चीड मला मान्य आहे, तीच माझी आहे. पण पुण्याच्या त्या मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्यात एकदा नीट पाहा. चांगल्या दवाखान्यात तज्ज्ञ पाच मिनिटे बोलतो. इन्सुलिन कसे टोचावे, आहार कसा ठेवावा, पायांची निगा कशी घ्यावी, हे शिकविण्यास तो निराळी प्रशिक्षित माणसे नेमतो, आणि त्यांत परिचारिकाही असतात. श्रीमंताला दोन्ही मिळतात. गरिबाला आज दोन्ही मिळत नाहीत. त्याला औषधाच्या दुकानातला पोऱ्या मिळतो. ज्याला गरज अधिक त्यालाच उपचार कमी, हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच मांडले, आणि त्यांनी नुसते मांडले नाही; येईल त्याला तपासण्याऐवजी आपल्या वस्तीतील प्रत्येकाचा रक्तदाब मोजण्याचा उद्योग आरंभिला. जो आला नाही त्याचा शोध घेणे, हीच प्राथमिक उपचाराची कसोटी. डॉक्टर केंद्र सोडून शोधायला जाऊ शकत नाही. सेविका जाते, आशाताई जाते.

डॉक्टर : आणि ती कोणत्या वेळी जाणार? तिच्या डोक्यावर किती रजिस्टरे आहेत, मोजली आहेत का?

येथे मात्र दोघांचा सूर एक झाला, आणि मेट्रनबाईंचा संताप डॉक्टरांहून प्रखर होता. १९४६ च्या भोर समितीने ४०,००० वस्तीच्या केंद्राला दोन डॉक्टरांबरोबर चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका सुचविल्या होत्या. प्रत्यक्षात खेड्याच्या वाट्याला आली ती एकटी सहायक परिचारिका, आणि तिलाही पुढे कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांनी जखडून टाकले. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय केले. प्रत्येक नव्या राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर तिच्या फडताळात एक दप्तर वाढले, पगारात आणि अधिकारात तशी वाढ झाली नाही. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले हे खरे, पण आपल्या राज्यात त्या जागी आयुर्वेदाचे पदवीधरही मोठ्या संख्येने नेमले गेले, आणि परिचर्या शिकलेल्या मुलीच्या बढतीची वाट त्यामुळे पुन्हा अरुंद झाली, अशी मेट्रनबाईंची तक्रार आहे. शिवाय ही पदे कंत्राटी. ज्या व्याधीला वीस वर्षे एकाच माणसाची साथ हवी, तिच्यासाठी अकरा महिन्यांचा करार, हा विचार मला अत्यंत अदूरदर्शी वाटतो.

मेट्रनबाई : मला कौतुकाचे शब्द नकोत, साहेब. मला लेखी हुकूम हवा. आज रक्तदाब नियंत्रणाच्या सरकारी उपक्रमात गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रात मिळतात, आज्ञावली भिंतीवर टांगलेली आहे, हे चांगले झाले. त्या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचे पारितोषिकही मिळाले. पण रोगी गोळ्या नेमाने घेत असून आकडा १४०/९० च्या खाली येत नसेल, तर आज्ञावलीतील पुढची पायरी चढण्याचा अधिकार माझ्या मुलीला नाही. ती रोग्याला केंद्रावर जायला सांगते. त्या दिवशी डॉक्टर बैठकीला गेलेले असतात. त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. तो पुन्हा येत नाही. आणि ऊसतोडीचे काय? बीडकडची माणसे दसरा-दिवाळीला टोळी घेऊन निघतात ती चैत्र-वैशाखाला परततात. महिन्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या तर उरलेले चार-पाच महिने त्यांनी काय घ्यावे? सेविकेला टोळी कधी निघणार ते ठाऊक असते. तिला तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची मुभा द्या, आणि ज्या कारखान्याच्या तळावर टोळी उतरणार तेथल्या उपकेंद्राला कळविण्याची व्यवस्था द्या.

डॉक्टर : रक्तदाबाची एक पायरी मी मान्य करतो, परंतु मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा झालेली असली पाहिजे, आणि मूल होण्याच्या वयाच्या स्त्रीला टेल्मिसार्टनकडे नेण्यापूर्वी माझी सही लागेल. तीन महिन्यांच्या गोळ्याही मान्य. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड नाही. तेथे मी हटणार नाही.

मेट्रनबाई : आणि मी तेथे थांबणार नाही.

तो वाद तेथेच राहिला आहे. मला स्वतःला असे वाटते की, रक्तदाबाच्या बाबतीत बाईंची मागणी सर्वस्वी न्याय्य आहे. कारण तेथील आज्ञावली पायरीपायरीने बांधलेली आहे, मोजमाप सोपे आहे, आणि उपचार न मिळाल्याने होणारे अर्धांगवायूचे आघात हे गोळीच्या संभाव्य दोषांहून फार मोठे संकट आहे. साखर उतरविणाऱ्या औषधांच्या बाबतीत मी तूर्त डॉक्टरांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण त्यांच्याहून भिन्न आहे: सेविकेची बुद्धी कमी पडेल म्हणून नव्हे, तर उपकेंद्रात साखर मोजण्याच्या पट्ट्या सदैव शिल्लक राहतील आणि इन्सुलिनच्या शीतपेटीची वीज जाणार नाही याची हमी आज कोणी देऊ शकत नाही म्हणून. ती हमी सरकारने दिली की माझा आक्षेप संपेल. आणखी एका गोष्टीचा आग्रह मात्र दोघांपेक्षाही मी अधिक धरीन: चूक झाली तर चौकशी सेविकेची आणि यश आले तर अहवाल अधिकाऱ्याचा, हा प्रकार लेखी अधिकाराबरोबर बंद झाला पाहिजे. आज्ञावलीप्रमाणे वागलेल्या परिचारिकेच्या पाठीशी तिचे खाते उभे राहील, हे त्याच हुकुमात लिहिलेले असावे.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर आपण निवडून दिलेली माणसे बसतात आणि ग्रामसभेत प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. वाचकांना माझी विनंती अशी की, आपल्या गावच्या उपकेंद्रात रक्तदाबाचे किती रोगी नोंदलेले आहेत, त्यांपैकी गेल्या महिन्यात कितीजण आले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेले, आणि जी सेविका गेली तिच्या हाती कोणता लेखी अधिकार होता, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.